कपाचा कान

मेकॅनिकलच्या चार वर्षांत माझा एकही विषय राहिला नाही. ज्या पेपरांना वर्गातली हुशार मुलं आडवी झाली, ते मी पहिल्या फटक्यात सोडवले. आणि शेवटी अडकले कुठे, तर एका कपात. मातीच्या, चहाच्या, एक कान असलेल्या कपात. आमच्या घरी ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतात आणि वडील ती हातात कप घेऊनच सांगतात. त्यांना अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी इथे पहिल्यांदा सांगतेय.

झालं असं, की आमच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजने नियम काढला. प्रत्येकाने हाताचं एक कौशल्य शिकायचं, त्यात पास झाल्याशिवाय डिग्री नाही. फॉर्म सकाळी दहाला मोबाइलवर उघडणार होता. मी नेमकी त्या वेळी फलटणहून कराडला येणाऱ्या एसटीत होते आणि वाटेत रेंज गेली. रेंज आली तोवर गिटार, फोटोग्राफी, केक, सगळं भरलं होतं. उरलं होतं ‘सिरॅमिक्स’. मला वाटलं मटेरियल सायन्सपैकी काहीतरी असेल, पाठांतराचे मार्क मिळतील. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा ड्रेस घालून आणि कॅल्क्युलेटर घेऊन गेले.

वर्कशॉपच्या मागे पत्र्याची शेड होती. आत सात-आठ चाकं, कोपऱ्यात भट्टी, आणि मधोमध खाकी हाफ पँट आणि बनियन घातलेले, मिशीला माती लागलेले एक उंच गृहस्थ हाताची घडी घालून उभे. मी गुड मॉर्निंग म्हटलं. त्यांनी माझ्या हातातला कॅल्क्युलेटर घेतला, त्याच्या पाठीवर मधल्या बोटाने टिचकी मारली, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तो परत दिला.

“पोकळ हाय,” ते म्हणाले. “गाव कुठलं?”

फलटण म्हटल्यावर त्या दिवसापासून मी फलटण झाले. माझी रूममेट सांगली झाली. माणसाला गावाच्या नावाने हाक मारायची ही त्यांची पद्धत होती. आम्ही त्यांना सुभेदार सर म्हणायचो. वडिलांना संध्याकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, तुला यंत्रं करायला धाडली आन् तू मडकी करतीस व्हय. आईने मात्र मागून दह्यासाठी एक मडकं सांगून ठेवलं.

सर मूळचे कवठे महांकाळच्या बाजूचे. घराण्यात मेंढरं. कुंभारकामाशी त्यांच्या घराचा संबंध माठातलं पाणी पिण्यापुरता. लहान वयात फौजेत गेले, तोफखान्यात. उत्तरेत कुठेतरी छावणीशेजारी एक म्हातारा कुंभार राहायचा. रविवारी बाकीचे जवान सिनेमाला जायचे आणि हे त्याच्या चाकाशी जाऊन बसायचे. रिटायर झाल्यावर तोफेचं काम सिव्हिलमध्ये, म्हणजे फौजेबाहेर, मिळेना म्हणून मडक्याचं धरलं, असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

फौज मात्र अंगातून गेली नव्हती. मळलेल्या मातीला ते रंगरूट म्हणायचे. चाकावर उभी राहिली की ती जवान. भट्टीत जाणं म्हणजे आघाडीवर जाणं. चाक फिरवताना ‘दाहिने घूम’ अशी ऑर्डर द्यायचे, आणि एखाद्याचं उलटं फिरलं तर त्याला नाही, चाकाला रागवायचे. आमच्यासाठी नियम दोनच. एक, काही विचारायचं तर समोर येऊन, नाहीतर लेखी. फोनवर ते बोलत नसत. दुसरा, तोंड उघडं ठेवायचं. कराडच्या उन्हात आम्ही मुली स्कुटीवर डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळून यायचो, ती ओढणी दारातच सोडवायला लागायची. गॉगल, मास्क, कपाळावर आलेली टोपी, काही चालायचं नाही. मातीला माणसाची वळख लागती, असं कारण होतं.

अभ्यासक्रम एकच. कानाचा कप. वर्षभरात प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक कप करायचा, त्याला कान जोडायचा आणि तो भट्टीतून सुखरूप बाहेर आणायचा. ऐकायला सोपं आहे. पण कपाचं अंग वेगळं करतात आणि कान वेगळा, आणि जोडताना दोघांची ओल सारखी लागते. अंग सुकलेलं आणि कान ओला असेल तर वाळताना दोघांचं जमत नाही आणि जोडावर चीर पडते. सर म्हणायचे, “ज्येला कान न्हाई ते निस्तं भांडं. कान लागला की त्यो कप. मानसाचं बी तसंच हाय.” यावर सांगलीने, म्हणजे माझ्या रूममेटने, फार भारावून विचारलं, की माणसाचं कसं काय सर? सर म्हणाले, “चार वाजता.”

अशी उत्तरं ते नेहमी द्यायचे आणि आम्ही ती खोल समजायचो. सांगलीने तर ‘सरांचे विचार’ म्हणून वहीच घातली होती. एकदा ती चाकावर वाकलेली असताना म्हणाली, सर, माझा कप वाकडा होतोय. सर म्हणाले, थोरली कराडातच दिलीया. तिने ते लिहून घेतलं आणि खाली स्वतःचा अर्थ लिहिला, की वाकडेपणालाही कुठेतरी सासर मिळतंच. दुसऱ्या एकाने विचारलं, माती हाताला का चिकटतेय. उत्तर आलं, “गेल्या साली बी न्हाई आला.” त्यावर तिने दीड पान लिहिलं.

निकालाची पद्धत तर फौजेतसुद्धा नसेल. कॉलेजने मार्क कसे द्यायचे याचा छापील तक्ता दिला होता. सरांनी तो भट्टी पेटवायला वापरला. त्यांच्याकडे निकालाला दोनच शब्द होते, ठण्ण आणि भद्द. भाजलेला कप घेऊन सरांच्या समोर, तीन फुटांवर, सावधानमध्ये उभं राहायचं. नजर समोर. सर कपाच्या कानात बोट अडकवून तो आपल्या कानाजवळ लोंबता धरायचे, टिचकी मारायचे आणि आपल्याकडे बघत राहायचे. बाजारात माठ घेताना आपण मारतो तीच टिचकी. अखंड भांडं ठण्ण वाजतं, चिरलेलं भद्द. डोळ्यांना न दिसणारी चीरही त्यात कळते.

आणि सरांचं चुकत नसे. सातारच्या एका मुलाने मंडईजवळून तयार कप विकत आणला, वर थोडा चिखल फासला आणि सादर केला. बाजारातला पक्का कप, शेडभर घुमला. सरांनी त्या मुलाकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “इकत आनलास.” आम्ही थक्क झालो. कॅन्टीनमध्ये महिनाभर हीच चर्चा, की काय कान आहे या माणसाचा. नुसत्या आवाजावरून हात ओळखतो. त्यानंतर सर कशाकशाला टिचकी मारतात याकडे आम्ही आदराने बघू लागलो. ते कलिंगडाला मारायचे, हेल्मेटला मारायचे, प्राचार्यांच्या केबिनच्या नव्या दारालाही त्यांनी मारली आणि प्लाय हाय म्हणून पुढे गेले.

प्राचार्यांचं नाव निघालंच आहे तर दोन मिनिटांच्या शांततेचं सांगते. एकदा भट्टी उघडली तर सतरा कप फुटलेले. मातीत हवा राहिली होती. सरांनी सगळे तुकडे फळीवर ओळीने मांडले, आम्हाला सावधानमध्ये उभं केलं आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. त्याच वेळी प्राचार्य कुणा पाहुण्याला कॉलेज दाखवत शेडपाशी आले. तीस मुलं माना खाली घालून उभी बघून दोघंही दारातच मान खाली घालून उभे राहिले. शांतता संपल्यावर प्राचार्यांनी हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं.

“एका झटक्यात सतरा गेली, सायेब,” सर म्हणाले. “त्यातल्या अकरांचं तर कान जाग्यावरच गेलं.”

प्राचार्य मटकन स्टुलावर बसले. त्यावर सांगलीची ओली माती होती. पाहुणे फार हळवे निघाले, त्यांनी रुमाल काढला. सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली, पण तोवर शिपायाने ऑफिसात बातमी पोचवली होती आणि सिव्हिलचे दोन वर्ग घरी गेले होते. तेव्हापासून प्राचार्य शेडच्या बाजूला फिरकले नाहीत आणि सरांनाही ते बरंच वाटलं असावं.

आता माझं दुःख. माझा पहिला कप मी तीन महिने खपून केला. भट्टीतून आल्यावर कोपऱ्यात जाऊन हळूच टिचकी मारून बघितली. स्वच्छ ठण्ण. सांगलीनेही ऐकलं. मग सरांसमोर उभी राहिले. सरांनी टिचकी मारली, माझ्या कानांनी पुन्हा ठण्ण ऐकलं, आणि सर म्हणाले, “भद्द.”

नापास कपाचाही एक विधी होता. ज्याचा त्याने तो उखळात टाकायचा, मुसळाने कुटायचा आणि ती भुकटी नव्या मातीत मिसळायची. त्याने पुढची माती चिवट होते म्हणे. मी रडत कुटला. दुसरा केला, तोही ठण्ण, त्यालाही भद्द. तिसऱ्याला पुन्हा तेच. एवढा मोठा कान असलेला माणूस भद्द म्हणतो म्हटल्यावर माझेच कान बिघडले असणार, असं मला वाटायला लागलं. कराडात कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थोडा मळ काढला आणि दोन्ही कान उत्तम आहेत असं लिहून दिलं. लेखीच होतं, म्हणून मी ते सरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

“कान चांगलं हायत तुजं,” ते म्हणाले. “कपाचं बघ.”

इथे माझ्या तोंडाबद्दल एक सांगायला हवं. माझं तोंड जन्मापासून चोरी सापडल्यासारखं आहे. एसटीत तिकीट तपासनीस चढला की आधी माझ्याकडे येतो. परीक्षेत सुपरवायझर माझ्याच बाकाखाली वाकून बघतात. लहानपणी शेजारच्यांच्या काचा फुटल्या की आई चौकशी न करता मला धपाटा घालायची. मला त्याची सवय होती, त्यामुळे याचा आणि कपाचा काही संबंध असेल असं मनात आलं नाही.

तिसरा कप कुटून झाला तेव्हा वर्षातली एकच भट्टी उरली होती. पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं होतं, अट एकच, निकाल हातात हवा. शेजारपाजारी पेढे वाटून झाले होते. चौथा कप भद्द झाला असता तर नोकरी गेली असती, तीही चहाच्या कपापायी, आणि हे लोकांना समजावून सांगताना वडिलांचं काय झालं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणून एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भांडायचंच असं ठरवून शेडमध्ये गेले.

सर दाराकडे पाठ करून माती मळत होते. समोर गेले तर धीर सुटेल म्हणून मी पाठीमागूनच सुरुवात केली. अन्याय झालाय, मी तीन कप केले, तिन्ही वाजले, तुमचा आवडता-नावडता असा भेद आहे, इथपर्यंत बोलले. चांगली तीन मिनिटं बोलले. सर गुणगुणत माती मळत राहिले. मला वाटलं, काय हा संयम. मग मात्र राग आला आणि मी तरातरा वळले, तर माझी सॅक फळीला लागली. फळीवर सरांनीच नमुन्यासाठी केलेले चाळीस कप वाळत होते. ते सगळे, खाली पडलेल्या पत्र्यावर, एकदम कोसळले. कॅन्टीनमधून चार माणसं धावत आली. सर गुणगुणत माती मळत होते.

पाणी घ्यायला म्हणून ते वळले तेव्हा त्यांना मी दिसले, तुकडे दिसले आणि दारातली चार माणसं दिसली.

“कवा पडलं ह्ये?” ते म्हणाले.

आणि माझ्याकडे बघताच त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी त्या चौघांना विश्राम म्हणून घालवून दिलं आणि पालथ्या पिंपावर बसले. मला समोर बोलावलं. त्वांड हिकडं करून बोल, म्हणाले.

“तोफंनं कान नेलं,” ते सांगू लागले. “एकदम न्हाई. आदी चिमन्या गेल्या. मग मेंढरं गेली. मग मालकीन गेली, तिला वाटतंय मी मुद्दाम करतोय. मडकं लय दीस टिकलं हुतं. चार सालं झाली, त्ये बी गेलं.”

एवढा वेळ भांडायला आणलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी विचारलं, मग टिचकी कशाला सर.

“टिचकी तुमच्यासाटनं. मी त्वांड बघतो.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी साधं होतं. कप घेऊन समोर येण्याआधी प्रत्येक जण कोपऱ्यात जाऊन तो वाजवून बघतोच. ज्याचा चिरलाय त्याला ते ठाऊक असतं. टिचकी बसली की त्याचं तोंड तिथेच पडतं. मी सातारच्या मुलाचं विचारलं. “त्यो निवांत उबा हुता,” सर म्हणाले. “सोताच्या हातच्या कपाला टिचकी बसताना निवांत कोन ऱ्हातंय गं? त्याची माया नव्हती त्यात.”

“सर,” मी म्हणाले, “माझे तिन्ही कप वाजत होते. माझं तोंडच असं आहे. जन्मापासून.”

सरांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. दोनदा मान वाकडी करून बघितलं. मग उखळाकडे बघितलं.

“तिनी?”

“तिन्ही.”

“कुटलं की गं,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले.

निकाल फिरवता येत नव्हता. फिरवला तर का फिरवला ते सांगावं लागलं असतं आणि ते सांगितल्यावर टिचकीवर मार्क देणाऱ्या बहिऱ्या माणसाला कॉलेजने ठेवलं नसतं. घरी आता मेंढरंही राहिली नव्हती. कुनाला सांगू नगंस, एवढंच ते म्हणाले. मी शब्द दिला, आणि पुन्हा कुणाच्या पाठीमागून बोलायचं नाही असा कानाला खडाही लावला. निघताना त्यांनी मला हाक मारली आणि सल्ला दिला, “चवथा कर. आन् ह्या खेपंला त्वांड नीट ठेव.”

मी तोंड नीट ठेवायच्या मागे लागले. महिनाभर हॉस्टेलच्या आरशासमोर सराव. भुवया सैल, ओठांचे कोपरे वर, हनुवटी पुढे. सांगलीला वाटलं मुलाखतीची तयारी चाललीय, तिने आणखी दोन सूचना केल्या. मेसमध्ये मी तो चेहरा करून जेवायला बसले तर वाढणाऱ्या मावशींनी दाढ दुखतेय का म्हणून विचारलं. आरसा, मेस, पुन्हा आरसा, यात कपाचं अंग शेडमध्ये सुकत पडलं. आठवण झाली तेव्हा घाईघाईने कान वळला आणि लावून टाकला. अंग सुकलेलं, कान ओला. वर्षभर जे ऐकलं होतं नेमकं तेच केलं.

भट्टी उघडली. मी कोपऱ्यात जाऊन टिचकी मारली. भद्द. कानाच्या जोडापाशी केसाएवढी चीर होती. त्या मातीत माझे आधीचे तिन्ही खरे कप भुकटी होऊन बसले होते, आणि सगळ्यांचा मिळून आवाज भद्द.

मी सरांसमोर उभी राहिले. त्या वेळी मनात काय होतं म्हणाल, तर पुण्याचं पत्र, पेढे आणि वडील, एवढंच होतं. सरांनी कपाच्या कानात बोट घातलं, टिचकी मारली. तो भद्द शेडच्या दारापर्यंत गेला. तीस जणांनी ऐकला. मी भुवया सैल केल्या, कोपरे वर, हनुवटी पुढे. सर माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांची मिशी हळूहळू वर गेली.

“ठण्ण,” ते म्हणाले. “फलटण पास.”

मुलांना वाटलं, तीनदा नापास झालेल्या पोरीची सरांना दया आली. पण सरांना दया आली नव्हती, त्यांना आनंद झाला होता. आपल्या हातून झालेली चूक निस्तरली असं त्यांना वाटलं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि सगळ्यांसमोर मला कडक सलाम ठोकला. आजवर मी पुष्कळ बोलणी खाल्लीत, पण तो सलाम मला जेवढा लागला तेवढं एकही बोलणं लागलेलं नाही.

पुण्याला नोकरी लागली. गंमत अशी की काम मिळालं ते ओतीव लोखंडाच्या भागांना तडा आहे का ते तपासायचं. यंत्रं आहेत त्यासाठी, पण मी आधी टिचकी मारते, आणि आमच्या खात्यातली माणसं मला वेडी समजतात. कप टेबलावर होता. चहा जोडातून पाझरायचा म्हणून त्यात पेनं ठेवायचे. त्याच्याकडे बघताना काही वाटायचं नाही असा दिवस क्वचितच गेला.

मध्यंतरी सांगलीचा फोन आला. सरांनी कॉलेज सोडलंय, गावीच असतात, आणि फौजेच्या दवाखान्यातून त्यांना कानाचं मशीन मिळालंय. मी रजा टाकली, पेनं ड्रॉवरमध्ये ओतली आणि कप पिशवीत घालून कवठे महांकाळची एसटी धरली.

अंगणात कडुनिंबाखाली चाक मांडलेलं होतं. काकूंनी पाणी दिलं आणि तक्रार केली. आता ऐकू येतंय त्यास्नी, पर मशीन खिशात आसतंय, मी बोलाय लागले की काढत्यात. सर मला बघून हरखले. फलटण, म्हणाले, आणि मशीन कानात घालून मला अंगणभर हिंडवलं. माठाला टिचकी मारली, ऐकलंस का. रांजणाला मारली, ऐकलंस का. शेळीच्या शिंगालाही मारली. चिमण्या आल्यात परत, असं सांगताना त्यांचे डोळे भरले आणि मलाही राहवलं नाही.

मग मी कप काढला. म्हणाले, सर, हा वाजवून बघा, पण माझ्या तोंडाकडे बघू नका.

त्यांनी कप ओळखला. माझ्याकडे पाठ केली, कपाच्या कानात बोट अडकवलं, मशीनजवळ धरला आणि टिचकी मारली. थोडं थांबून आणखी एक मारली.

“त्या दिशी बी असाच?” त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

“असाच.”

“आन् म्या सलाम केला.”

मला वाटलं आता रागावतील, किंवा हसतील. त्यांनी काकूंना मुसळ आणायला सांगितलं. कप उखळात ठेवला आणि मुसळ माझ्या हातात दिलं, ज्याचा त्याने कुटायचा हा नियम होता. मी कुटला. ती भुकटी त्यांनी मातीत मिसळली, गोळा चाकावर आपटला आणि मला बस म्हणाले. मी ऑफिसच्या कपड्यांत बसले. या खेपेला अंग आणि कान दोन्ही ओले असतानाच जोड लागला, सर शेजारी उकिडवे बसून नुसते कानाकडे बघत होते. दिवाळीआधी भट्टी लावणार आहेत, तेव्हा निकालाला यायचं ठरलं.

सर एसटीपर्यंत सोडायला आले. वाटेत काहीतरी घोळत होतं त्यांच्या मनात. गाडी दिसल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघून मला जवळ बोलावलं आणि विचारलं, यानं तुझी नोकरी तर जात न्हाई न्हवं. मी नाही म्हटलं. त्यांना हायसं वाटलं.

“मग आसू दे,” ते म्हणाले. “नापास हाईस, पर म्या कुनाला सांगनार न्हाई.”